मदत हवी आहे: फ्रान्सच्या खेड्यांतून गाड्यांचा त्रास नसलेली सायकल सफर (बर्गंडी, जून)

नमस्कार मंडळी,

येत्या जूनमध्ये मी आणि नवरा लेकीकडे दिजोंला जाणार आहोत. ती तिथे पीएचडी करते, त्यामुळे दिवसभर प्रयोगशाळेत. पॅरिस वगैरे तिच्यासोबत होईलच. मधले आठ-दहा दिवस आम्ही दोघांनी सायकलवर सामान लादून खेड्यांतून फिरावं असं डोक्यात आहे.

आम्ही सांगलीचे. पन्नाशी ओलांडलेली आहे, पण रविवारी नृसिंहवाडीपर्यंत जाऊन येणं नेहमीचं. दिवसाला ४०-५० किमी आरामात होतात, घाट मात्र नको. वेगाचं किंवा बीआरएमचं (ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या सायकल सफरी) वेड नाही. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि त्यांना ओव्हरटेक करणाऱ्या एसटी यांच्यामध्ये सायकल चालवून कान आणि जीव दोन्ही विटलेत. एकदा तरी असं चालवायचंय की शेजारी चालवणाऱ्याशी न ओरडता बोलता यावं.

प्रश्न असे:

१. लेक म्हणते कालव्याकाठचा रस्ता धरा, तिथे गाड्याच नाहीत. नवरा म्हणतो, आठ दिवस कालवा बघून कंटाळा येईल, गावांतले छोटे रस्ते घ्या. ते रस्ते खरंच शांत असतात का?
२. आम्ही शाकाहारी (अंडं चालतं). खेड्यात उपाशी राहू का?
३. व्हिसासाठी रोजचा मुक्काम दाखवावा लागतो म्हणतात. मग वाटेल तिथे थांबायचं कसं?

सायकली तिथेच भाड्याने घेणार आहोत. कुणी स्वतः फिरलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

कनाल दु मिदी करा! तुलूझपासून समुद्रापर्यंत २४० किमी, सतराव्या शतकातला कालवा, जागतिक वारसा. सगळे तेच करतात.

प्रतिसाद:

सगळे तेच करतात, हीच अडचण आहे :) शिवाय तुलूझपासून पहिले पन्नासेक किमी डांबरी आहेत, पुढे बराच भाग माती, खडी आणि झाडांच्या मुळांचा. काठच्या प्रसिद्ध चिनारांना बुरशीचा रोग लागल्यामुळे हजारो झाडं तोडावी लागली, त्यामुळे फोटोत दिसते ती सावली आता सगळीकडे नाही. आणि ताई दिजोंला उतरणार असतील तर दारातला कालवा सोडून तुलूझला कशाला जायचं?

मी ल्यों परिसरात बरीच वर्षं राहतो आणि बर्गंडीत पुष्कळ सायकल चालवली आहे. माझ्या मते दोघांचंही बरोबर आहे, म्हणून दोन्ही मिसळा.

आधी रस्त्यांबद्दल. ए म्हणजे महामार्ग, सायकलला बंदी. एन म्हणजे राष्ट्रीय, टाळा. डी म्हणजे त्या त्या जिल्ह्याचे रस्ते, आणि खरी गंमत यांच्यातच आहे. पण डी दिसला की शांत, असं समजू नका. २००६ च्या सुमारास सरकारने बरेचसे जुने राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे सोपवले. रस्ता तोच, ट्रक तेच, फक्त पाटीवरचं अक्षर बदललं. तुमच्या वाटेवरचा डी ९०५ म्हणजे जुना एन ५, आणि अव्हालोंजवळचा डी ६०६ म्हणजे जुना एन ६. नकाशाचं अ‍ॅप यांच्यावर नेऊ लागलं तर ऐकू नका.

सोपी युक्ती: मिशलँचा (मिशेलिन) कागदी नकाशा घ्या. लाल रस्ते सोडा, पिवळे नाइलाज असेल तरच, पांढरे डोळे मिटून घ्या. पांढऱ्या रस्त्यावर तासाभरात चार-दोन गाड्या भेटतात, त्यातली एक पोस्टाची पिवळी व्हॅन असते. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचा कायदा आहे, आणि खेड्यातले बरेचजण मागे थांबून राहतात. हॉर्न नाही. सुरुवातीला आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं.

आता वाट. दिजोंहून बर्गंडीचा कालवा ऊश नदीच्या खोऱ्यातून वर चढतो. काठाने सायकलमार्ग आहे. पुई-आँ-ऑक्सुआपर्यंत पन्नास-साठ किमी, दोन दिवसांत करा. चढ आहे पण कळत नाही, कारण कालवा एकेका लॉकने (बोटी वरखाली नेणारे पाण्याचे दरवाजे) वर जातो. २४२ किमीच्या या कालव्यावर १८९ लॉक आहेत. वाटेत उजव्या हाताला टेकडीवर शातोनफचा किल्ला दिसेल. तो चढ मात्र खराच चढ आहे, सायकली खाली ठेवून पायी जा. पुईला कालवा तीन किमीहून लांब बोगद्यात शिरतो. आतून सायकलला वाट नाही, तुम्ही वरून डोंगरावरून जाता.

पुढे मोंबारपर्यंत पुन्हा काठाने. तिथून जवळ फोंतनेचा मठ आहे, १११८ सालचा, सिस्टर्शियन साधूंचा. तो चुकवू नका. इथपर्यंत कालव्याचा कंटाळा आला असेलच, म्हणून मोंबारहून कालवा सोडा आणि पांढऱ्या रस्त्यांनी सेम्युर, अव्हालों करत व्हेझलेला जा. ७०-७५ किमी आहेत, चढउतार आहेत, तीन दिवस ठेवा. ही वाट म्हणजे तुमच्या यजमानांचं म्हणणं. पांढऱ्या शारोले गाई, कुंपणाच्या झुडपांच्या रांगा, आणि बाराला कुत्रंसुद्धा बाहेर नसलेली गावं.

व्हेझलेहून क्लामसी, आणि तिथून निव्हेर्नेच्या कालव्याकाठाने साठेक किमी उतरत ऑसेर. ऑसेरहून लारोश-मिजेनला गाडी बदलून टीईआर लोकलने परत दिजों. टीईआरमध्ये सायकल तशीच घेऊन चढता येते, टीजीव्ही या वेगवान गाडीत आरक्षण लागतं.

प्रतिसाद:

अवांतर: क्लामसी हे फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांचं जन्मगाव (१८६६), आणि त्यांचा शेवट व्हेझलेत झाला (१९४४). गांधीजी, रामकृष्ण आणि विवेकानंद यांची चरित्रं लिहिणारे हेच. दोन्ही गावं एका दिवसाच्या टप्प्यात येतात म्हणून आठवलं.

प्रतिसाद:

काकू, खाण्याचं मी सांगते. मी शाकाहारी आहे आणि तीन वर्षं फ्रान्समध्ये शिकले.

उपाशी राहणार नाही, पण घड्याळ सांभाळा. दुकानं साडेबाराला बंद होतात ती दोन-तीनलाच उघडतात. जेवण बारा ते दोन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद, कितीही विनवा. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी खेड्यात काहीही मिळेल असं धरू नका. शनिवारीच दोन दिवसांचा ब्रेड, चीज, फळं पॅनिअरमध्ये (सायकलच्या बाजूच्या पिशव्या) भरा. हॉटेलात ऑम्लेट आणि बकरीच्या चीजचं सॅलड बहुतेक ठिकाणी मिळतं. सॅलड मागवताना ‘साँ लार्दों’ म्हणा, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. आणि काटेकोर असाल तर: पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. तुमच्या वाटेवरचं एप्वासही त्यातलंच. बघा, चालतंय का.

लेकीकडे दोन दिवस आहात तेव्हा मेथीचे ठेपले करून घ्या, हा माझा आग्रह :)

पाणी संपलं तर गावच्या स्मशानात जा. खरंच. बहुतेक खेड्यांत स्मशानाला नळ असतो, फुलझाडांना घालायला. बहुतेक ठिकाणी ते गावच्या नळाचंच पाणी असतं. ‘नॉन पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) अशी पाटी असेल तर मात्र पिऊ नका.

मूळ प्रश्नकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार! स्मशानातलं पाणी सासूबाईंना सांगणार नाही. मोंबारपर्यंत कालवा आणि पुढे गावं, हे दोघांनाही पटलं. नवरा ‘माझंच बरोबर होतं’ म्हणत फिरतोय. दोन शंका: उजव्या बाजूने चालवायची सवय नाही, काही खास सांभाळायचं का? आणि व्हिसाचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद (ल्योंवाले पुन्हा):

उजवी बाजू अर्ध्या दिवसात जमते. धोका वेगळाच आहे. पाटी नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती गल्ली बोळाएवढी का असेना. गावात हळू. ताईंना तर उलट सवय: मोठ्या रस्त्यावरचा मोठा. ‘तूत दिरेक्सियों’ (सर्व दिशा) अशा पाटीमागे जाऊ नका, ती गाड्यांसाठी असते आणि तुम्हाला थेट मोठ्या रस्त्यावर नेऊन सोडते. कानात हेडफोन घालून सायकल चालवायला बंदी आहे. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चकाकतं जाकीट सक्तीचं, पण जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. भाड्याची सायकल घेताना टायर निदान ३५ मिमीचे मागा, काठाला काही तुकडे खडीचे आहेत.

प्रतिसाद:

व्हिसा: लेकीने दिजोंच्या नगरपालिकेतून ‘आतेस्तासियों दाक्कय’ म्हणजे यजमानपत्र काढलं, तर तिच्याकडच्या रात्रींचा प्रश्न मिटतो. ३० युरोंचा स्टॅम्प लागतो, घराचे आणि उत्पन्नाचे कागद दाखवावे लागतात. एका खोलीचं घर असेल तर ते नाकारू शकतात, म्हणून तिला आत्ताच चौकशी करायला सांगा. सायकलच्या रात्रींसाठी रद्द करता येतील अशी बुकिंगं करा आणि सोबतच्या पत्रात टप्पे तारखेनिशी लिहा: दिजों, पुई, मोंबार, सेम्युर, अव्हालों, व्हेझले, क्लामसी, ऑसेर. विमा निदान ३०,००० युरोंचा, तो सायकलवरचा अपघात धरतो का ते पॉलिसीत वाचा. यजमानपत्राची मूळ प्रत भारतात यायला वेळ लागतो, स्कॅनवर विसंबू नका.