मदत हवी आहे: कॅटामरानचं (दोन तळांच्या बोटीचं) मॉडेल पाण्यात नाक खुपसतंय

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहितोय. लेक आठवीत आहे, विज्ञान प्रदर्शनासाठी 'फ्रान्सिस्को' फेरीचं मॉडेल करतेय. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात इनकॅट कंपनीने बांधलेली ही ९९ मीटरची बोट २०१३ च्या चाचणीत ५८.१ नॉट, म्हणजे ताशी १०७ किलोमीटरच्या आसपास धावली! दोन गॅस टर्बाइन, पाणी मागं फेकून बोट ढकलणारे वॉटरजेट, आणि पाणी कापत जाणारे दोन अरुंद तळ.

आमच्याकडं समुद्र कुठला, विहिरीवरच्या हौदातच चाचणी. पीव्हीसी पाइपची टोकं तापवून चिमटलीत, वर थर्माकोल, मागं खेळण्यातली मोटर. सुरू केली की पुढचं टोक बुडतं आणि मधल्या फटीतून पाणी वर उसळतं. लेकराचा चेहरा बघवत नाही. मोटरचे बॅटरी सेल मागं सरकवू, की दोन पाइपांतलं अंतर वाढवू? प्रदर्शन सोमवारी आहे, कुणी केलं असेल तर सांगा.