‘ग्रुपवर टाक’ म्हणून कारखाना चालत नाही

नंदेसरीकर
आमच्या केमिकल प्लँटमध्ये मेंटेनन्सचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पंप आवाज करतोय, टाका फोटो. कुणीतरी रात्री दोन वाजतासुद्धा उत्तर देतो, सगळे खूश. मला मात्र हे दिवसेंदिवस घातक वाटायला लागलंय. तोच पंप, तोच बिघाड, तोच प्रश्न, आणि दर वेळी उत्तर देणारा माणूसही तोच. तो आता मार्चमध्ये रिटायर होतोय. त्याचे व्हॉइस मेसेज कुठे आहेत? कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये, नाहीतर ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली गाडलेले.
माझं सरळ मत आहे: ज्याला उत्तर मिळालं त्यानेच शिफ्ट संपायच्या आत ते मशीनच्या नंबराखाली लिहून काढायचं. नाही लिहिलं तर जॉब कार्ड, म्हणजे त्या दुरुस्तीची चिठ्ठी, बंद होणार नाही. कडक वाटेल, वाटू दे.

दांडियाबजारचा फिटर
साहेब, मी रिटायर झालेलाच आहे, त्यामुळे मोकळेपणाने बोलतो. तुमची वही भरेल, पंप चालायचा नाही.
साधा ग्लँड पॅकिंगचा पाण्याचा पंप घ्या. त्यात शाफ्टभोवती, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती, दोरीसारखं पॅकिंग कोंबलेलं असतं आणि ते दाबून धरणारा भाग म्हणजे ग्लँड. त्यातून थेंब थेंब पाणी गळायलाच हवं, पॅकिंग त्यानेच थंड राहतं. पुस्तकात साधारण मिनिटाला ४० ते ६० थेंब असं लिहिलेलं असतं. नवा पोरगा येतो, गळती बघून दोन्ही नट आवळून टाकतो. गळती बंद, सुपरवायझरची शाबासकी. थोड्या वेळाने ग्लँड तापतो, पॅकिंग जळतं, स्लीव्हवर, म्हणजे शाफ्टवरच्या नळीवर, चरे पडतात, आणि मग गळती अशी लागते की विचारू नका. इथवरचं तुम्ही लिहाल, कबूल. पण नट आवळायचा किती? दोन्हीकडे सारखा, जेमतेम एक फ्लॅट, म्हणजे नटाच्या सहा बाजूंपैकी एक बाजू फिरेल इतकाच, मग हात काढायचा. पॅकिंगला बसायला वेळ द्यायचा, ग्लँड चाचपायचा. (सेफ्टीवाल्यांनी इथे डोळे मिटावेत.) किती गरम लागला की नट परत सैल सोडायचा, हे पोराचा हात धरून ग्लँडवर ठेवला तेव्हा त्याला कळलं. वहीत हात कसा लिहिणार?

नंदेसरीकर
तापमान मोजायची गन मिळते काका. आकडा लिहायचा, हात शाबूत राहतो.

दांडियाबजारचा फिटर
आकडा कुठल्या पंपाचा? एका लायनीतले दोन पंप सारखे तापत नाहीत. एकाचा शाफ्ट किंचित वाकडा, दुसऱ्याचं पाणी गढूळ. गन आकडा दाखवेल, पण आज नेहमीपेक्षा वेगळं वाटतंय हे ओळखायला तो पंप रोज बघितलेला असावा लागतो.

विश्वामित्रीकाठची
बडोद्यात बसून हा वाद चाललाय आणि सेंट्रल लायब्ररीचं नाव कुणीच काढलं नाही! आयुष्य ग्रंथालयात गेलं, म्हणून बोलते. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावलं. पुस्तकं तर राजवाड्यात होतीच, अडलं होतं ते व्यवस्थेपाशी. बॉर्डननी इथल्यासाठी वेगळी वर्गीकरणाची पद्धत बसवली, ग्रंथालयाचं काम शिकवणारा वर्ग काढला. पुढे लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगावी फिरती ग्रंथालयं गेली. आणि त्याआधीच, १९०६ मध्ये, संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू झालेलं होतं. आधी वाचणारे, मग पेट्या.
नंदेसरीकर, तुम्ही वाचणारा कोण ते न ठरवताच पेटी भरायला निघालात. आणि फिटरकाका, पेटीच नसेल तर पुढच्या गावाला काय पोचणार? या कामाला पगारी माणूस लागतो, ज्याचं कामच मुळी लावणं, तपासणं, जुनं काढून टाकणं हे आहे. जॉब कार्डाच्या धाकाने लोक काय लिहितील सांगू? ‘सील बदललं, ओके.’

मांडवीवाला
आणि लिहिणार कुठल्या भाषेत? फिटर गुजराती, हेल्पर बिहारचा, साहेब मराठी, एसओपी, म्हणजे कामाच्या ठरलेल्या सूचना, इंग्रजीत. बडोद्याची तंत्रशाळा कलाभवन निघाली १८९० ला, तेव्हा ती उभारणाऱ्या त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रह होता की तंत्रशिक्षण गुजरातीतून द्यायचं. आज आपण व्हॉल्व्हची चिठ्ठीसुद्धा इंग्रजीत लावतो आणि मग पोरं वाचत नाहीत म्हणून ओरडतो.

अलकापुरीतला आयटीवाला
काकांच्या बाजूने एक जुना दाखला. १९८० च्या दशकात ज्युलियन ऑर हा मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्तीवाल्यांबरोबर फिरला. कंपनीने बिघाड शोधायची जाडजूड पुस्तकं दिलेली होती, पण मशीन काही पुस्तक वाचून बिघडत नव्हती. ही माणसं खायला एकत्र बसली की बिघाडांचे किस्से सांगायची आणि तोडगा त्यातून निघायचा. म्हणजे आजचा ग्रुपच म्हणा.
काकांनी लगेच कॉलर ताठ करू नये. पुढे त्याच कंपनीत युरेका नावाची व्यवस्था आली. दुरुस्तीवाला आपली युक्ती लिहायचा, त्याच कामातले जाणकार ती तपासायचे, मग ती सगळ्यांना दिसायची, लिहिणाऱ्याच्या नावासकट. नंदेसरीकर, तुमच्या योजनेत तपासणारा नाही आणि नावही नाही. नुसता धाक आहे.

गेटपास
नाव नको, पगाराचं बोला. मी कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी माझा गेटपास नवा होतो, होईलच याची खात्री नाही. मला जे येतं ते तुमच्या वहीत उतरलं की माझ्या जागी दुसरा स्वस्तात उभा करतील. ज्ञान वाटल्याने वाढतं वगैरे कायम नोकरीवाल्यांनी बोलावं.

नंदेसरीकर
कंत्राटाची पद्धत वहीच्या कितीतरी आधीपासून आहे भाई. वही नव्हती तेव्हाही माणसं काढलीच.

गेटपास
काढली, आणि प्लँट अडला की परत फोन केला. तो फोन म्हणजे माझा बोनस. तो तुम्ही फुकट मागताय.

फतेहगंज
फिटरकाका, हात वहीत उतरत नाही हे मला पटत नाही. ऐंशीच्याच दशकातली गोष्ट. जपानच्या मात्सुशिता कंपनीला घरी पाव भाजायचं यंत्र करायचं होतं, पण कणीक काही केल्या नीट मळली जाईना. कंपनीतल्या सॉफ्टवेअरवाल्या इकुको तानाका ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली शिकायला गेल्या. तिथे त्यांच्या लक्षात आलं की तो कणीक ताणताना पिळतोसुद्धा. मग यंत्राच्या आतल्या बाजूला खास कंगोरे बसवले आणि पाव जमला. व्यवस्थापनाचे अभ्यासक नोनाका यांनी १९९१ मध्ये हे उदाहरण मांडलं, १९९५ मध्ये ताकेउची यांच्याबरोबरच्या पुस्तकातही घेतलं, तेव्हापासून ते सगळीकडे सांगतात.
अट एकच: लिहिणाऱ्याने आधी हाताखाली राबलं पाहिजे. एचआरचा ट्रेनी मोबाइलवर शूटिंग करत उभा राहिला तर त्याला नुसतं नट आवळणं दिसेल.

दांडियाबजारचा फिटर
ताई, तानाकाबाईंचं नाव कळलं. पाववाल्याचं काय नाव?

गेटपास
हे बोललात काका!

नंदेसरीकर
बरं, असं करतो. मार्चपर्यंत आमच्या माणसाबरोबर दोन पोरं देतो, दुसरं काही काम नाही. लिहितील पोरं, गुजरातीत आणि हिंदीत. तपासेल तो, पानावर नाव त्याचंच. रिटायर झाल्यावर बोलावलं तर दिवसाचे पैसे द्यायचे, हेही वर मांडतो. मान्य होईल असं समजू नका. आणि बाकीच्यांसाठी जॉब कार्डाची अट राहणारच, ती मी सोडत नाही.

विश्वामित्रीकाठची
मग वाचत बसा, ‘सील बदललं, ओके.’