प्रतिसाद: टाचण मशीनकडून काढून घ्यावं का?

वर एका सरांनी लिहिलंय, पाठ टाचण, म्हणजे तासाची लेखी तयारी, एआयकडून करून घेणं म्हणजे कामचुकारपणा. टाचणापुरतं म्हणाल तर, सर, ते आम्ही आधीही गाईडमधूनच उतरवत होतो. खरा प्रश्न दुसराच आहे.

मी बीड जिल्ह्यात, ऊसतोडीच्या पट्ट्यात शिकवतो. दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईबापासोबत कारखान्यावर जातो आणि मार्च-एप्रिलात परततो. तेव्हा एकाच वर्गात भागाकार येणारी पोरं असतात अन् हातचा विसरलेलीही. तीन पातळ्यांचे स्वाध्याय रोज रात्री हातानं काढणं माझ्याच्यानं होत नव्हतं. एआय ते पाच मिनिटांत काढून देतं, पण तपासायला माझा अर्धा तास जातोच.

पहिल्या खेपेला मेट्रो अन् पिझ्झाची उदाहरणं आली. मग मीच सांगितलं, मोळी, बैलगाडी, कोयता असे शब्द घे. तर गणित आलं: ‘टोळीत 8 कोयते आहेत, प्रत्येकाच्या हातात एक, तर मजूर किती?’ उत्तर 8. चौथीतली एक पोरगी फिसकन हसली, “सर, कोयता म्हंजे नवरा-बायको. सोळा झाले की!”

शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांनी 1956 मध्ये मांडलेल्या शिकण्याच्या पायऱ्यांच्या उतरंडीत मूल्यमापन, म्हणजे समोरचं बरोबर की चूक हे पारखणं, सगळ्यात वरच्या पायरीवर होतं. प्रशिक्षणात ते नुसतं फळ्यावर पाहिलं होतं, त्या पोरीनं ते करून दाखवलं.

आता दर शनिवारी मशीनचं एक चुकलेलं गणित मुद्दाम फळ्यावर लिहितो. परवा एआयला ‘अर्धा कोयता’, म्हणजे जोडीदाराविना एकटा मजूर, हा शब्द दिला. त्यावर एआयनं मूठ तुटल्याचं सांगितलं.