वयवारी: दोन वेळची गुणोत्तरं दिली की मुलं कुठे चुकतात?

प्रश्न:
पोलीस भरतीच्या मुलांना वयवारी शिकवतो. गणित असं: ४ वर्षांपूर्वी आई आणि मुलीच्या वयांचं गुणोत्तर ४:१ होतं, आजपासून ६ वर्षांनी ५:२ होईल, तर आजची वयं काढा. बरीच मुलं (४क्ष + ६)/(क्ष + ६) = ५/२ मांडतात, क्ष = ६ काढतात आणि २८ व १० उत्तर देतात. खरं उत्तर ४४ आणि १४. चूक दाखवली की पटते, पुढच्या गणितात पुन्हा तीच. शिवाय १०० प्रश्नांना ९० मिनिटं. समीकरण मांडत बसायला वेळ कुठे?

प्रतिसाद १:
४क्ष आणि क्ष ही आजची वयं नाहीतच, ४ वर्षांपूर्वीची आहेत. तिथून पुढच्या गुणोत्तरापर्यंत ४ + ६ = १० वर्षं जातात.
(४क्ष + १०)/(क्ष + १०) = ५/२
८क्ष + २० = ५क्ष + ५०, क्ष = १०
तेव्हा ४० आणि १०, म्हणून आज ४४ आणि १४.
आधी एक आडवी रेघ मारायला लावा: −४, ०, +६. पहिलं गुणोत्तर ज्या खुणेवर, क्ष त्याच खुणेखाली. आणि ताळा नेहमी दुसऱ्या गुणोत्तरावर घ्यायचा. २८ आणि १० ची ४ वर्षांपूर्वीची वयं २४:६, म्हणजे ४:१ बरोबरच येतं, मूल तिथेच फसतं. ६ वर्षांनी मात्र ३४:१६, उत्तर बाद.

प्रतिसाद २:
वेळेचं म्हणाल तर फरक बघा, दोघांच्या वयांतला फरक कधी बदलत नाही. ४:१ मध्ये फरक ३ भाग, ५:२ मध्येही ३. आई ४ भागांवरून ५ वर गेली, म्हणजे १ भाग = १० वर्षं. झालं.
फरक जुळत नसेल तर आधी जुळवून घ्या. आज ५:३, ६ वर्षांनी ३:२ असेल तर फरक २ आणि १. दुसऱ्या गुणोत्तराची दुप्पट ६:४. वाढ १ भाग = ६ वर्षं, आज ३० आणि १८. न जुळवता ५ वरून ३ वर गेलात तर वय घटल्यासारखं दिसेल.

प्रतिसाद ३:
बेरीज दिली असेल तर सरळ भाग पाडा, पण वर्षं दोघांचीही वजा करा. आज बेरीज ५०, ५ वर्षांपूर्वी ७:३: तेव्हाची बेरीज ४०, ४५ नव्हे. १० भाग = ४०, वयं २८ आणि १२, आज ३३ आणि १७. ४५ धरलं तर १ भाग ४.५ येतो, वय अपूर्णांकात आलं की आधी ही वजाबाकी तपासा.