मदत हवी आहे : राज्याची हद्द नदी सोडून का जातेय? आज रात्रीपर्यंत सांगा

शाळेची_घंटा
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. आमच्या नकाशात हद्द नदीवरून नीट जाते आणि अगदी शेवटच्या टोकाला येऊन नदी सोडून पलीकडच्या काठावर चढते. आणि दुसऱ्या एका ठिकाणी पाणी एवढं रुंद दिसतंय की रेष मधोमध न जाता कधी या काठाला तर कधी त्या काठाला चिकटलीये. नदी ही नैसर्गिक सीमा असते असंच आपण शिकलो आणि शिकवतो, मग हे चुकलंय ना? पेंटर उद्या सकाळी आठला येणार, एकदा ऑइलपेंट मारला की पुसायची सोय नाही. रेष सरळ नदीवर घ्यायला सांगू का? हो की नाही एवढंच सांगा प्लीज.

दख्खनी_दगड
कोणती नदी? कोणती दोन राज्यं? नकाशा कुठून घेतलाय? हे कळल्याशिवाय हो-नाही कोण सांगणार?

अक्षांश
ताई, हा शंभर टक्के प्रोजेक्शनचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायच्या पद्धतीचा प्रॉब्लेम आहे. नद्यांचा लेयर (थर) एका ठिकाणहून आणि हद्दीचा दुसरीकडून घेतला की असंच होतं. त्यात महाराष्ट्र असेल तर अजून घोळ, कारण ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला यूटीएम (नकाशासाठी पृथ्वीचे केलेले उभे पट्टे) झोन ४३ आणि पूर्वेला ४४, म्हणजे पुणे एका झोनमध्ये आणि नागपूर दुसऱ्या. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर उघडा, दोन्ही लेयरचं सीआरएस, म्हणजे कोणतं प्रोजेक्शन वापरलंय ते बघा, एकसारखं करा, रेष आपोआप नदीवर बसेल. मी रोज हेच करतो.

गंगाकाठी
अक्षांश, प्रत्येक गोष्ट सॉफ्टवेअरमध्ये नसते हो. नदी सरकली असणार. मी नोकरीनिमित्त आठ वर्षं बलियाला होतो, उत्तर प्रदेश-बिहारच्या हद्दीवर. तिथे गंगा आणि घाघरा दर पावसाळ्यात पात्र बदलतात, मधल्या गाळाच्या जमिनीला दियारा म्हणतात. पूर्वी नियम असा होता की नदीची मुख्य खोल धार जिथे असेल तिथे हद्द, म्हणजे शेतकऱ्याने पेरलं एका जिल्ह्यात आणि कापणीच्या वेळी तेच शेत धारेच्या पलीकडे दुसऱ्या राज्यात. दोन्हीकडची माणसं विळे घेऊन हजर, त्यातून मारामाऱ्या, खून सुद्धा. शेवटी लवाद म्हणून नेमलेल्या त्रिवेदींचा निवाडा झाला आणि १९६८ साली संसदेने हद्दबदलाचा कायदा करून रेष कायमची ठरवली, नदी कुठेही जावो. त्यामुळे आज तिथला नकाशा बघितलात तर हद्द कधी पाण्यात, कधी शेतात. तुमचंही तसंच काहीतरी असणार.

दख्खनी_दगड
गंगाकाठी, हे मान्य नाही. जगभर नियम हाच आहे की नदी सरकली की हद्द तिच्याबरोबर सरकते.

गंगाकाठी
मी कायद्याचं साल देतोय आणि तुम्ही जगाचं सांगताय. यमुनेचंही तसंच झालं, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात दीक्षित निवाडा आणि मग १९७९ चा कायदा, तिथेही धार सोडून पक्की रेष घेतली. भारतात राज्यांच्या हद्दी बदलायचा अधिकार घटनेच्या कलम ३ प्रमाणे संसदेला आहे, पुराला नाही.

मिसिसिपीकाठ
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. मी अमेरिकेत असतो, इथे राज्यांमध्ये यावरून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडणं गेलीत. इथला नियम असा, की नदी हळूहळू काठ खात, गाळ टाकत सरकली तर हद्दही सरकते, पण एका पुरात उडी मारून नवीन पात्र धरलं तर हद्द जुन्या पात्रातच राहते. कार्टर लेक नावाचं गाव आहे, १८७७ च्या पुरात मिसुरी नदीने वळसा तोडला आणि हे गाव नेब्रास्काच्या बाजूला अडकलं, पण १८९२ च्या निकालाने पलीकडच्या आयोवा राज्याचंच राहिलं. आजही नेब्रास्कातल्या ओमाहा शहरातून विमानतळाकडे जाताना मध्येच 'आयोवामध्ये स्वागत' अशी पाटी लागते आणि दोन मिनिटांत परत नेब्रास्का. कॅस्कॅस्किया तर इलिनॉयची पहिली राजधानी, १८८१ च्या पुरानंतर मिसिसिपीच्या चुकीच्या काठाला गेली, आता तिथे जायला मिसुरी राज्यातून जावं लागतं.

शाळेची_घंटा
अहो अमेरिका नको, यमुना नको! महाराष्ट्राचा नकाशा आहे, शाळेच्या भिंतीवर, आठ फूट रुंद, शनिवारी प्रदर्शन आहे. खाली डाव्या कोपऱ्यात समुद्राजवळ रेष वर चढते. मला वाटलं महाराष्ट्र हे कळलंच असेल. आणि अक्षांश, माझ्याकडे क्यूजीआयएस वगैरे काही नाही, प्रोजेक्टरने भिंतीवर नकाशा पाडून पेन्सिलने गिरवलाय.

पाणी_आणि_प्रश्न
नद्या आणि राज्यं हा विषय निघालाच आहे तर मूळ मुद्दा पाणीवाटपाचा आहे. कृष्णेच्या बाबतीत बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. उगम आपल्याकडे, आणि सगळ्यात कमी पाणी आपल्यालाच. मुलांच्या नकाशावर हे आकडे यायलाच हवेत.

दख्खनी_दगड
महत्त्वाचं आहे, पण वेगळा धागा काढा, तिथे येतो. ताईंचा पेंटर सकाळी आठला येतोय.

रेडीकर
डावा कोपरा आणि समुद्र म्हटल्यावर लिहायलाच हवं. ताई, रेषेला हात लावू नका, ती बरोबर आहे! ती नदी तेरेखोल. आणि नदी सोडून रेष जिथे वर चढते ते तेरेखोल गाव आणि किल्ला. नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे आमच्या बाजूला, तरी गोव्यात, पेडणे तालुका. बाकीचा सगळा गोवा नदीच्या दक्षिणेला.

किल्ला मुळात सावंतवाडीकर भोसल्यांचा. पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला आणि सोडला नाही. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी आत शिरून तिथे तिरंगा लावला होता, पण मुक्ती मिळाली ती १९६१ ला बाकी गोव्याबरोबरच. म्हणजे तो तुकडा पोर्तुगीजांकडे होता म्हणून गोव्यात आला. नदी बिदी काही सरकलेली नाही. गंगाकाठींनी सांगितलं ते त्यांच्या ठिकाणी खरं, इथे नाही.

लहानपणी आम्ही रेडीहून चालत जायचो. उतारावर एक वळण आहे, तिथून खाली नदीचं मुख, समोर केरीची लांबच लांब पुळण आणि मधून फेरीबोट येताना दिसते. किल्ल्याच्या आत सेंट अँथनीचं छोटं पांढरं चर्च. आजी म्हणायची बघ, तो समोरचा पण गोवा आणि हा पायाखालचा पण गोवा, आणि आपलं घर महाराष्ट्रात. पेडण्याहून जमिनीवरून यायचं तर किरणपाणीच्या पुलावरून आरोंद्याला या, मग रेडी, मग तेरेखोल. म्हणजे गोव्यातून गोव्यात जाताना मधे महाराष्ट्र लागतो. नाहीतर केरीहून फेरी.

अजून एक. ही नदी सगळीकडे हद्द नाही. बांद्याला ती पूर्ण महाराष्ट्रात आहे, हद्द म्हणून फक्त खालच्या भागात येते. तेव्हा वरच्या बाजूलाही 'दुरुस्ती' करायला जाऊ नका.

शाळेची_घंटा
रेडीकर, खरंच मनापासून आभार! मी तर खडूने खूण करून पेंटरला फोनही केला होता की रेष खाली घ्यायची आहे. आता परत करते. मग ते दुसरं ठिकाण? वर, रुंद पाण्याचं?

मिसिसिपीकाठ
वर म्हणजे कुठे?

शाळेची_घंटा
वर म्हणजे नंदुरबार! सॉरी. सातपुड्याच्या वर.

अक्षांश
नंदुरबार असेल तर ती नर्मदा. तुमचा नकाशा सॅटेलाइटवर बेतलेला आहे का? म्हणजे पाण्याचा भाग निळा भरलेला, कडा वाकड्यातिकड्या, फांद्या फुटल्यासारख्या?

शाळेची_घंटा
हो, अगदी तश्शाच फांद्या.

अक्षांश
मग ते सरदार सरोवराचं पाणी आहे. नर्मदा महाराष्ट्रात कुठेच आतून वाहत नाही, नुसती काठाकाठाने जाते, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या उत्तरेला, पलीकडे आधी मध्य प्रदेश, मग गुजरात. हद्द जुन्या नदीवरून आखलेली. धरणाची पातळी १३८.६८ मीटरपर्यंत गेल्यावर पाणी दोन्हीकडच्या नाल्यांमध्ये आणि खोऱ्यांमध्ये घुसलं. एका बाजूला दरी रुंद असेल तर तिकडे जास्त पसरतं, त्यामुळे रेष मधोमध वाटत नाही. खालची नदी होती तिथेच आहे, फक्त दिसत नाही. प्रोजेक्शनबद्दल मी बोललो ते इथे लागू नव्हतं, मागे घेतो. पण पुढच्या वेळी सर्व्हे ऑफ इंडियाचा राज्य नकाशाच घ्या, हद्दीच्या बाबतीत तोच धरायचा.

सातपुडा_माझा
हे लिहिताय ते वाचून एक सांगावंसं वाटतं. ते नुसतं निळं पाणी नाही, तिथे मणिबेलीसारखी गावं होती. नर्मदेच्या काठची शेतं, घरं, देवस्थानं सगळं त्या फांद्यांखाली गेलं. नकाशावर रेष पाण्यातून जाताना मुलांनी विचारलं तर हेही सांगा, एवढीच विनंती.

शाळेची_घंटा
नक्की सांगेन. नावही लिहीन काठाला.

दख्खनी_दगड
अवांतर होतंय पण ताई, उजव्या खालच्या कोपऱ्यात सिरोंचाही नीट बघून घ्या. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती तेलंगणाची हद्द धरत सिरोंच्याला गोदावरीला मिळते, पुढे इंद्रावती येते आणि तिथे महाराष्ट्र, तेलंगणा, छत्तीसगड तिन्ही एकत्र. तिथे बहुतेक जण प्राणहिता काढायलाच विसरतात आणि वैनगंगा थेट गोदावरीत सोडतात.

गंगाकाठी
हे मात्र दगडरावांचं बरोबर. मी स्वतः पाहिलेत असे नकाशे.

शाळेची_घंटा
(दुसऱ्या दिवशी) कळवते. प्राणहिता खरंच नव्हती, काढली! तेरेखोलसाठी पेंटरकाकांनी शून्य नंबरचा ब्रश आणला, गोव्याला पिवळा दिलाय तर नदीच्या वर चण्याच्या डाळीएवढा पिवळा ठिपका आलाय. काका म्हणाले, बाई, रंग सांडला म्हणतील लोक, म्हणून शेजारी बारीक अक्षरात 'तेरेखोल (गोवा)' लिहून घेतलं. नर्मदेच्या पाण्यातून तुटक रेष नेली आणि काठाला मणिबेली. सहावीच्या मुली तासभर त्या ठिपक्यावर बोट ठेवून फेरीने जायचं की पुलावरून यावर वाद घालत होत्या, मधली सुट्टी संपल्याचं कळलं नाही त्यांना. आता समोरच्या भिंतीवर भारताचा नकाशा हवा म्हणतायत, त्यात अशा सगळ्या जागा.

रेडीकर
वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. आमचं तेरेखोल भिंतीवर! यानम नक्की घ्या, चारी बाजूंनी आंध्र, गोदावरीच्या मुखाशी, आणि कारभार पुदुच्चेरीचा. ते फ्रेंचांकडे होतं म्हणून.

गंगाकाठी
आणि बलियाची हद्द घ्या, नदी सोडून गेलेली. तिथे काय करायचं ते मी सांगतो.

अक्षांश
फाइल मी तयार करून देतो. आधी माहिती द्या.

शाळेची_घंटा
भिंत दहा फूट रुंद, बारा फूट उंच. भारत, राज्यांच्या हद्दी आणि मोठ्या नद्या. प्रोजेक्टरने पाडून गिरवणार. ऑइलपेंट, पेंटर तेच. या वेळी तारीख ठरलेली नाही, सावकाश करू.