पर्कशनिस्ट : आघातवादक की तालवादक?

प्रश्न : क्यूबात जन्मलेले जॅझवादक कांदिदो कामेरो (१९२१–२०२०) यांच्यावर लिहिते आहे. त्यांना 'आघातवादक' म्हणावे का? आणि ते वाजवत त्या 'कोंगा' या ढोलाला मराठी शब्द आहे का?

उत्तर : 'आघातवादक' नको. आघात म्हटला की कोणाच्या तरी घरी वाईट बातमी आल्यासारखे वाटते. 'तालवादक' लिहा, त्यात चामड्याची वाद्ये येतात आणि टाळ-झांजाही येतात. 'ड्रमर' तर अजिबात नको. ड्रमर काठ्या घेऊन वाजवतो, कांदिदो उघड्या हातांनी वाजवायचे. त्या वाजवण्याला आपला 'थाप' हा शब्द किती नेमका आहे!

कोंगासाठी शब्द शोधायला लांब जाऊ नका. क्यूबात या उभ्या ढोलाला 'तुंबादोरा' म्हणतात; 'कोंगा' म्हणजे तिथली कार्निव्हलची मिरवणूक आणि तिचे संगीत. आपल्या ऑर्केस्ट्रातले वादक 'तुंबा' म्हणतात, तो याच घराण्यातला. सतारीचा किंवा बैराग्याच्या हातातला तुंबा, म्हणजे भोपळा, वेगळा. पहिल्यांदा 'तुंबा नावाचा ढोल' असे लिहिलेत की घोटाळा होणार नाही.

प्रश्न : 'तालवादक' पटला. पण ते तुंब्यांवर चाली वाजवायचे असे वाचले. मग नुसता 'ताल' पुरेल?

उत्तर : शब्द तोच ठेवा, पुढे एक वाक्य जोडा. अनेक तुंबे निरनिराळ्या स्वरांत लावून ते त्यांच्यावर चाल वाजवत. तबलातरंग ऐकलेल्या वाचकाला हे एका शब्दात कळेल. एकापेक्षा जास्त तुंबे एकट्याने वाजवण्याची वाट त्यांनीच पाडली, आणि ती गरजेतून. १९४६ साली एका नृत्यजोडीबरोबर ते न्यूयॉर्कला गेले, तेव्हा एकाच वादकाला नेणे परवडत होते. दोघांचे काम त्यांनी दोन हातांत घेतले. पुढे जॅझचे ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांच्यामुळे पियानोवादक बिली टेलर यांची गाठ पडली, १९५४ मध्ये त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रिका झाली, आणि २००८ मध्ये अमेरिकेचा 'जॅझ मास्टर' सन्मान मिळाला.

प्रश्न : शेवटची शंका. लहानपणी त्यांना बोंगो (हातांनी वाजवायची छोट्या ढोलांची जोडी) शिकवला तो आटवलेल्या दुधाच्या रिकाम्या डब्यांवर. 'डबे' लिहू?

उत्तर : 'डबडी' लिहा. डबा भरलेला असतो. चार वर्षांच्या पोराच्या हाताखाली वाजतात ती डबडीच.