सुखी माणसाचा सदरा म्हणे आमच्या गावात मिळतो

येळ्ळूरकर: काल इथं एकानं लिहिलं, 'बेळगावकडची माणसं थोडक्यात सुखी, पुण्याला गेलेलीच पगार मोजत रडतात.' लिहिणारा स्वतः पुण्यातच राहतोय, हे विशेष! माझे वडील थोडक्यात समाधानी होते. दोन एकर, एक म्हैस, रात्री भजन. ताईला बारावीनंतर शिकायचं होतं. 'आहे त्यात सुख मानावं' म्हणत तिचं लग्न लावून मोकळे झाले. समाधान त्यांचं, मोजलं तिनं.

शहापूरकर: पोस्ट माझीच. थेट वडिलांवर कशाला घसरता? सुखी देशांच्या यादीत फिनलंड 2018 पासून पहिला म्हणून नाचतात, पण विचारतात काय? शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी समजा, तुम्ही कितव्या पायरीवर? आमची आजी म्हणाली असती, शिडी कशाला, जोत्यावर बरी बसलेय की.

येळ्ळूरकर: आजीला कधी कुणी विचारलं होतं का?

खानापूरवाला: शिडी राहू दे. बेळगाव बासमती कोण लावतंय आता? एका घरात भात शिजला की गल्लीभर वास. सुख म्हणजे ते. हल्ली पोत्यावर नाव बासमतीचं, आत काय ते देव जाणे.

वडगावकर: मी लावतो, दहा गुंठे. उतारा कमी, वारा आला की पीक आडवं. गिऱ्हाईक मूठभर घेऊन वास घेतं, वा वा करतं आणि सोना मसुरी घेऊन जातं. तुमच्या नाकाच्या सुखासाठी तोटा मी सोसू?

खानापूरवाला: मग दहा गुंठे तरी कशाला?

वडगावकर: घरी खायला.

शहापूरकर: बघा! हेच ते समाधान.

वडगावकर: समाधान कसलं डोंबलाचं. पोरगी दुसरा भात खात नाही. आणि समाधान कुणाला शिकवताय? बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून 1956 पासून दर 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळतोय आपण. जोत्यावर बसून राहायचं होतं, तर मोर्चात कशाला येता दरवर्षी?

शहापूरकर: ते वेगळं.

वडगावकर: वेगळं कसं? तिथं मागितलं की स्वाभिमान, आणि येळ्ळूरकरांच्या ताईनं कॉलेज मागितलं की हाव?

शहापूरकर: ...बरं. ताईंचं चुकलं नाही. पोस्ट मात्र काढणार नाही.

येळ्ळूरकर: नका काढू. आत्ताच ताईला फोन करून शिडीचं विचारलं. 'सात,' म्हणाली. 'तुझं किती?' मी पुण्यात नऊ वर्षं, पगार तिच्या घरच्या चौपट. पाच सांगितले, तेही ओढून-ताणून. घ्या, नाचा आता.